कारकीर्द समाप्तीचा दाखला

नगरपालिकेत जन्म, मृत्यू आणि गौरव या तिन्हींची नोंद एकाच खिडकीवर होत असे. तिन्हींना लागणारे कागद जवळपास सारखेच असल्याने ही सोय केली आहे, असे खिडकीमागचे मुख्य लिपिक सांगत.

त्या खिडकीसमोर मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता शिंप्याची मुलगी येऊन उभी राहिली. वय सव्वीस. पंधराशे मीटर धावायची. लहानपणी घटकाभर एका जागी बसत नसे, म्हणून आई म्हणायची, "कार्टीच्या पायाला भिंगरी लागलीय." पुढे पाय बाजूला राहिले आणि तिचेच नाव भिंगरी पडले. दोन महिन्यांपूर्वी तिने परदेशात रौप्यपदक मिळवले होते. 'शहराचे मानकरी' या दालनात तिला स्थान देण्याचा ठराव सभागृहाने एकमताने मंजूर केला होता. त्या सभागृहात एकमत होण्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा ते सभा लवकर आटोपण्यावर झाले होते.

मुख्य लिपिकांनी कागद चाळले. "जन्मदाखला आहे, फोटो आहेत, पदकाची झेरॉक्स आहे. कारकीर्द समाप्तीचा दाखला कुठंय, ताई?"

"समाप्तीचा? पण माझी संपलीय कुठं? पाच महिन्यांनी मोठी स्पर्धा आहे."

"तीच तर अडचण आहे." लिपिकांनी चष्मा कपाळावर चढवला. "नियम सात. मानकऱ्याची कारकीर्द पूर्ण झालेली असावी. मागे एका पैलवानाला चालू कारकिर्दीत घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात गडी पहिल्या फेरीत चीतपट. केवढी नाचक्की!"

"मग मी संपल्यावर येते."

"असं कसं? मंडप सांगून झालाय. नगराध्यक्षांचं भाषण लिहून झालंय. आणि ते अख्खं भूतकाळात आहे, ताई. आता एवढी क्रियापदं कोण बदलत बसणार?"

भिंगरीने सही केली नाही. घरी येऊन तिने बाबांना सांगितले. बाबांचे शिलाई मशीन थांबले. एरवी ते फक्त वीज गेल्यावर थांबायचे.

"सही केल्यानं पाय काय गळून पडणार आहेत का तुझे?" बाबा म्हणाले. "तीस वर्षं या गल्लीत मला 'तो बाह्या तोकड्या करणारा' म्हणून ओळखतात. परवा बँकेत गेलो तर मॅनेजर उठून उभा राहिला, पोरी. मला खुर्ची दिली. मला कळेना, बसू की नको."

भिंगरीच्या सहीची मग गरजच उरली नाही. गौरव समितीने नियमांतच वाट काढली होती. खेळाडू सही करत नसल्यास त्याची 'मानीव समाप्ती' झाली असे समजावे; हरकत असल्यास सात दिवसांत खिडकीवर नोंदवावी. भिंगरी हरकत घेऊन तिसऱ्या दिवशी गेली. खिडकी बंद होती. 'गौरव समारंभाच्या तयारीमुळे कामकाज आठ दिवस बंद,' अशी पाटी होती.

समारंभ थाटात झाला. बाबांनी स्वतः शिवलेला कोट घातला होता, म्हणून भिंगरी मंचावर गेली. तिच्या पुतळ्याचे अनावरण झाले. धावणाऱ्या माणसाचा पुतळा एका पायावर उभा राहू शकत नाही, असा बांधकाम विभागाचा अभिप्राय आल्याने शिल्पकाराने दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवले होते. पुतळा बसची वाट पाहत असल्यासारखा दिसत होता. नगराध्यक्ष म्हणाले, "ती धावत असे, वाऱ्यासारखी धावत असे," आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषण सव्वा तास चालले. तेवढ्या वेळात भिंगरी अठरा शर्यती धावली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती क्रीडांगणावर गेली. पहारेकऱ्याने उठून सलाम ठोकला आणि फाटक लावून घेतले.

"पास चालणार नाही, ताई. हा चालू खेळाडूंचा आहे."

"अहो, मी चालूच आहे!"

"परवापर्यंत होतात. आता तुम्ही मानकरी. मानकऱ्यांची वेगळी व्यवस्था आहे. पहिल्या रांगेत गादीची खुर्ची. या, बसा ना, पोरं पळतायत ती बघा."

भिंगरीचे शाळेतले खेळाचे सर अजून तिचा सराव घेत. निवृत्त झाले होते, पण शिट्टी सुटली नव्हती. ते म्हणाले, "भिंगरे, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे?" ते सायकलवर आणि ती पुढे, अशी दोघे गोदामांच्या मागच्या रस्त्यावर सराव करू लागली. तिथे ट्रकवाले हॉर्न वाजवत आणि सर उलट शिट्टी मारत.

पण मानकऱ्याला कर्तव्ये असतात. महिन्याभरात भिंगरीला अकरा कार्यक्रमांना बसावे लागले. सांडपाण्याच्या पंपाचे उद्घाटन, चौकातल्या सिग्नलचे लोकार्पण, त्याच सिग्नलच्या दुरुस्तीचे लोकार्पण. सगळे संध्याकाळी पाचला, म्हणजे नेमके सरावाच्या वेळी. एकदा तिने मंचावर बसल्या बसल्या टाचा वर-खाली करून पाहिल्या. शेजारच्या सभापतींनी आपुलकीने विचारले, "मुंग्या आल्या का?"

मोठ्या स्पर्धेच्या प्रवेशासाठी नगरपालिकेचे शिफारसपत्र लागत होते. ते मात्र न मागता, वेळेआधी, सोनेरी किनारीच्या कागदावर आले. 'सदर खेळाडूची कारकीर्द यशस्वीरीत्या संपुष्टात आली असून, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

भिंगरी पुन्हा खिडकीवर गेली. "मला हा गौरव नको. रद्द करा."

"अर्जावर होत नाही." मुख्य लिपिकांनी नियमावली उघडली. "नियम अकरा. शहराची मान खाली जाईल असं वर्तन घडलं, तरच."

"म्हणजे कसलं?"

"उदाहरण नाही, ताई. आजवर कुणी केलंच नाही." मग त्यांनी मागे वळून पाहिले, साहेब जागेवर नाहीत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "नगराध्यक्षांचं भाषण चालू असताना मंचावरून उठून जाणं... मला वाटतं, बसेल नियमात. पण बाकी मानकऱ्यांना गुडघ्यांमुळं ते जमत नाही."

शनिवारी नव्या वाहनतळाचे उद्घाटन होते. मंडप भरला होता. बाबा कोट घालून पहिल्या रांगेत होते. नगराध्यक्ष बेचाळिसाव्या मिनिटाला "वाऱ्यासारखी धावत असे" या वाक्यापाशी आले, तेव्हा भिंगरी उठली. तिने सँडल काढून खुर्चीखाली नीट ठेवल्या. मंचाच्या चार पायऱ्या तिने एका उडीत घेतल्या आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने ती सुटली.

आपण फार मोठे पाप करतो आहोत, असे तिला वाटत होते, आणि पाय मात्र कधी नव्हे इतके हलके झाले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "पळ, भिंगरे, पळ!"

ते बाबा होते. मुलगी सव्वीस वर्षांची झाली, दोन कपाटे पदकांनी भरली, पण शर्यती दूरगावी आणि मशीन घरी, त्यामुळे त्यांनी तिला धावताना आजवर पाहिलेच नव्हते. ते कोटासकट खुर्चीवर उभे होते.

मग सगळा मंडप उठला. लोक शिट्ट्या मारत बाहेर धावले. रिकाम्या वाहनतळाला तिने चार फेऱ्या मारल्या आणि लोकांनी चारही मोजल्या. नगराध्यक्षांनी प्रसंगावधान राखून "हे प्रात्यक्षिक आहे" असे जाहीर केले. पण ते ऐकायला मंडपात ध्वनिक्षेपकवाल्याखेरीज कोणी नव्हते आणि तोही वायर लांब करून दाराशी पोहोचला होता. भाषणाची एकोणीस पाने शिल्लक होती.

सोमवारी आदेश निघाला. 'भाषणाच्या उर्वरित एकोणीस पानांचा अवमान केल्याने सदर गौरव रद्द करण्यात येत आहे.' मुख्य लिपिकांनी तो स्वतः घरी आणून दिला आणि दुसरा कागद त्याखाली सरकवला. "गौरव नाही म्हणजे समाप्तीही नाही. हे नवं शिफारसपत्र. साहेबांची सही गठ्ठ्यातून काढली आहे, कुठं बोलू नका."

बँकेत बाबांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला चार फेऱ्या हातवारे करून सांगितल्या.

मोठ्या स्पर्धेत भिंगरी तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान शर्यत धावली. रौप्यपदकाच्या वेळेपेक्षाही पावणेतीन सेकंद कमी. सरांनी घड्याळ दोनदा पाहिले आणि रुमाल सापडेना म्हणून बाहीने डोळे पुसले. त्या शर्यतीत तिचा नंबर चौथा आला.

शहरात बातमी पोहोचली. नगराध्यक्षांनी नियम सातमागची दूरदृष्टी पत्रकारांना समजावून सांगितली. दुकानात एक गिऱ्हाईक पँटची उंची देता देता बाबांना म्हणाले, "थोडक्यात हुकलं म्हणायचं."

बाबांनी तोंडातला खडू काढला. "काय हुकलं?"

गिऱ्हाईकाने पँटची उंची पुन्हा एकदा सांगितली. पण त्या बिचाऱ्याला एकट्याला कशाला बोल लावायचा? नंबर चौथा आला म्हटल्यावर तुमच्याही तोंडून 'अरेरे' निघालेच की. ती जन्मात धावली नव्हती इतकी जोरात धावली, हे तुम्हाला त्याच्या आधीच सांगून झाले होते.