चौथी टिकली

प्रयोगशाळेच्या मोठ्या फ्रीजरमध्ये अकराशे बारा नळ्या होत्या. त्यांपैकी चारशे सहा नळ्यांवर नाव होतं पण तारीख नव्हती, एकशे नव्वद नळ्यांवर तारीख होती पण नाव नव्हतं, आणि एका नळीवर नुसतं 'हेच ते' असं लिहिलेलं होतं. ही मोजदाद करणाऱ्या संशोधक मुलीला सगळे मोजणीबाई म्हणत. फ्रीजरचं दार लागेनासं झालं, तेव्हा इतरांनी ते गुडघ्याने ढकललं; हिने आतला माल मोजला.

"मोजून दार लागलं का?" दादाने विचारलं. दादा म्हणजे तिथला सगळ्यांत जुना विद्यार्थी. इतका जुना, की 'हेच ते' त्याचंच असावं असा सर्वांना संशय होता.

"बरंच काही फेकायला हवं."

"आणि काय फेकायचं ते कोण ठरवणार? तू?"

"पेशी ठरवते तसं ठरवू या," मोजणीबाई म्हणाली. तिचा अभ्यासच त्याचा होता. पेशीत सतत नवी प्रथिनं तयार होतात आणि त्यांतल्या काहींची घडी चुकते. आधी सोबती प्रथिनं त्यांना सांभाळून घेतात, पुन्हा घडी पडू देतात. नाहीच जमलं तर बिघडलेल्या प्रथिनावर एक बारीकशी खूण चिकटते, मग दुसरी, तिसरी. चार खुणांची माळ झाली की पिंपाच्या आकाराचं एक यंत्र त्याला आत ओढून त्याचे तुकडे करतं. मधेच कुणी खुणा काढल्या तर ते वाचतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना कल्पना फारच आवडली. त्यांनी लगेच गोल टिकल्यांची पाकिटं मागवली. त्यांना स्वतःला पिवळ्या, दादाला निळ्या, मोजणीबाईला तांबड्या, आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, सदैव बस पकडायला निघालेल्या मुलीला हिरव्या. तिचं नावच घाई पडलं होतं. नळीबद्दल शंका आली की टिकली लावायची. कुणी तपासून नळी चांगली ठरवली तर काढायची. चार झाल्या की मदतनीस मामा ती बादलीत टाकणार.

"मी कसलाच विचार करायचा नाही ना?" मामांनी खात्री करून घेतली.

"अजिबात नाही. ते यंत्रही करत नाही."

पद्धतीत एकच गोम होती. टिकली लावायला क्षणभर पुरे. काढायची तर आधी अर्धा दिवस तपासणी करावी लागे. त्यामुळे टिकल्या लागत गेल्या. निघाली एकही नाही. फ्रीजरचं दार लागू लागलं, तसा सगळ्यांना हुरूप आला आणि टिकल्या फ्रीजरबाहेर पडल्या.

"मामा, माझी खुर्ची कुठंय?" एके सकाळी दादा ओरडला.

"गेली. चार होत्या."

"पण मी तर लावलीच नव्हती!"

"दोन हिरव्या होत्या."

"दोनदा कुरकुरली," घाई शांतपणे म्हणाली.

दादा उभ्यानेच काम करू लागला. मोजणीबाई मनसोक्त हसली. ते तिचं हसू गुरुवारच्या दुपारपर्यंत टिकलं.

गुरुवारी दुपारी तिने आपली नळी काढायला फ्रीजर उघडला, तर नळीची जागा रिकामी. त्या एका नळीत सात महिन्यांची मेहनत होती. काजव्यात उजेड पाडणारं प्रथिन घेऊन तिने ते मुद्दाम बिघडवलं होतं. सोबती प्रथिन त्याला पुन्हा उजळवतं का, हे पाहायला. निरोगी प्रथिनाचा उजेड शंभर धरला, तर दुरुस्त केलेल्याचा निदान वीस भरायला हवा, असं परीक्षक समितीने बजावलं होतं. त्याशिवाय प्रबंध लिहायला परवानगी नाही. छोट्या चाचण्यांत तिची मजल नऊपर्यंतच गेली होती. आणि समिती उद्या येणार होती.

"मामा! बादली!"

"आत्ताच कचरा उकळायला नेतोय."

तिने बादली त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावली आणि हातमोजे घालून तळापर्यंत हात घातला. नळी सापडली. वितळलेली, हाताइतकी कोमट. वर चार टिकल्या.

"निळी!" ती दादाकडे वळली.

"अगं, त्यावर 'बिघडलेलं' लिहिलंय. वर सगळं गढूळ! मी काय त्याला हार घालायचा?"

"बिघडलेलंच हवंय मला!"

"मी निळी पाहिली," घाई म्हणाली, "म्हटलं, दादाने वाचलं असेल."

"मी दोन पाहिल्या," मॅडमचा आवाज बारीक झाला. "दोघंही कशी चुकतील?"

चौथी टिकली तांबडी होती.

मोजणीबाईला आठवलं. मंगळवारी थंडीने तिची बोटं बधिर झाली होती. तीन टिकल्या दिसतील त्या नळीवर ती भराभर चौथी लावत सुटली होती. बर्फ पुसून एकही नाव वाचलं नव्हतं.

"तीन होत्या," ती म्हणाली.

"म्हणजे मी बरोबर मोजलं," मामा म्हणाले.

वितळलेलं प्रथिन पुन्हा गोठवून चालत नाही. उद्यापर्यंत ते टिकलंही नसतं. जे काय पाहायचं ते आताच, आणि एकदाच.

"मी साक्षीला बसते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नळी हातात घेतली, नखाने आपली पिवळी टिकली खरवडली आणि नळी दादाकडे दिली. दादाने निळी काढली, घाईने हिरवी. घाईची बस गेली. तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तांबडी सगळ्यांत घट्ट बसली होती. ती तुकड्यातुकड्याने निघाली.

मोजणीबाईने तीन कुप्या भरल्या, पहिली निरोगी प्रथिनाची, उरलेल्या दोन या नळीतल्या; सोबती प्रथिन फक्त तिसरीत घातलं, आणि मामांनी खोलीतले दिवे घालवले. उजेड मोजणारं यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. मग त्याच्या पडद्यावर एकाखाली एक आकडे उमटले.

निरोगी प्रथिन: शंभर.

बिघडलेलं, सोबत्याविना: तीन.

बिघडलेलं, सोबत्यासह: एकेचाळीस.