बेटाची का काठाची?

आमच्या शेजारच्या रंगनाथतात्यांना काहीही दाखवा, ते आधी विचारणार, "बेटाचं का काठाचं?" वांगी असोत, गूळ असो. माझ्या नणंदेला स्थळ आलं, सगळे जमीनजुमला विचारून राहिले अन् तात्या म्हणाले, "पोरगा बेटाचा का काठाचा?" नवरदेव भोकरचा, तिथं कुठली आली गोदावरी! सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मुळात हा प्रश्न नीरेचा. तेव्हा निजामाचं राज्य. तात्या नांदेडच्या कचेरीत दिवसभर उर्दूत कागद लिहायचे, पण जीव सगळा गोदावरीतल्या बेटावर. ते त्यांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं माहेर. तिथल्या शिंदीच्या झाडांची नीरा रोज पहाटे नावेतून यायची. ती झाडं दर पुरानं वाकून वाकून खालच्या अंगाला कललेली. मडकंही तिथल्याच गाळाचं, लिंबाच्या धुरानं शेकलेलं. "काठाचं झाड आयतं बसून खातं," तात्या म्हणायचे, "बेटाचं पुराशी भांडून पितं. चव येणारच की." काठाची नीरा ते नुसत्या वासावर ओळखायचे अन् तोंड फिरवायचे. लग्न झाल्यापासून थेंबभर घेतली नव्हती. मला मेलीला दोन्ही सारख्याच गोड लागायच्या, पण बोलायची सोय नव्हती.

एकदा दिवाळीच्या तोंडावर काकू लई दिवसांच्या तापातून उठल्या, पण अन्नावरची वासनाच उडालेली. नुसत्या पाण्यावर होत्या. एका सकाळी म्हणाल्या, बेटाची नीरा असती तर घोटभर घेतली असती. झालं! नेमका परतीच्या पावसानं नदीला पूर, नावा बंद. तात्यांनी धोतर खोचलं, पोहून जातो म्हणाले. साठी उलटलेला माणूस! मी पळत जाऊन काठाचीच नीरा आणली अन् पुढं केली. तात्यांनी उंबऱ्यातच हुंगली.

"काठाची," म्हणाले अन् पायरी उतरले.

तेवढ्यात काकूंनी आतून हाक मारली, आधी मला तर चाखू द्या. मी पेला भरून दिला. त्यांनी तो सगळा संपवला.

"बेटाचीच हाय की. तुमचं नाक म्हातारं झालं."

"हाव, झालं आसंल," म्हणत तात्यांनी खोचलेलं धोतर सोडलं.

काकूंचा डोळा लागल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. डोळे भरलेले.

"बेटाची पोरगी हाय ती, सूनबाई. तिला कळत न्हाई व्हय? मी पुरात जाऊ न्हाई म्हणून पेली."

मडक्यात थोडी उरली होती. तात्यांनी मडकं उचललं, हुंगलं न्हाई, तसंच तोंडाला लावलं.

"गोड हाय," म्हणाले.