कासवांचे कंडक्टर

नळदुर्गात आमच्या गल्लीत कुणाकडंही चहाला गेले, की शिवप्पाअण्णा कप हातात घेण्याआधी विचारतात, "घरात कासव हाय का?" न्हाय म्हटलं तरी न्हाणीतल्या बादलीत वाकून बघतात. मगच बसतात.

अण्णा एसटीचे निवृत्त कंडक्टर. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी टिकते, अशी गल्लीची खात्री. कासव टिकतं का, हे कुणी विचारत नाही. बोरी नदीतलं कासव धरून आणायचं, काचेच्या पेटीत ठेवायचं आणि काचेला हळदकुंकू लावायचं.

"कायद्यानं ह्याला वाघाच्या रांगेत बसवलंय," अण्णा सांगतात. "पण वाघाला कुणी टबात ठेवत न्हाय. त्यो चावतो." मग पेटीवर टकटक करून म्हणतात, "उतरवा ह्याला. ह्याचा स्टॉप कवाच गेला."

एकदा त्यांनी गल्लीतली कासवं सोडवावीत म्हणून सरकारी कार्यालयात अर्ज नेला. साहेबांनी विचारलं, "कासव नेमकं कुठल्या जातीचं?"

"जात इचारून तिकीट फाडायची आमच्याकडं पद्धत न्हवती," अण्णा म्हणाले.

अर्ज अजून तिथंच आहे. कासवाच्या चालीनं निघाला असता तरी एव्हाना पोचला असता. मग अण्णांनीच गोड बोलून, प्रसंगी अबोला धरून, चार-पाच घरांतली कासवं नदीत सोडायला लावली.

गेल्या महिन्यात किराणावाले मलकप्पा चिडले. "अण्णा, जगाला शिकिवताव. तुमच्या परसातल्या हौदात काय हाय, सांगू का सगळ्यास्नी?"

अण्णा अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात ओल्या पोत्यानं झाकलेली बादली. "मास्तर, गाडी काढा." नदीपर्यंत बादली मांडीवर धरून बसले.

काठावर त्यांनी बादलीतलं कासव चिखलात ठेवलं. "आमच्या मंडळीनं पाळलेलं," ते म्हणाले. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. "लेकरू न्हाय आमाला. ती ह्याच्याशी कन्नडात बोलायची. 'बा, बा', म्हंजी ये ये, म्हनली की वर यायचं. ती गेल्यावर म्या हाक मारली, तर लई दिस आलं न्हाय. मग यायला लागलं."

कासव थोडा वेळ थांबलं आणि सरळ पाण्यात गेलं. अण्णा तिकडंच बघत राहिले.

"हौदातच वाढलंय, मास्तर. जमंल का त्याला?"

"जमंल," मी म्हणालो.

"त्याला जमंल," अण्णा म्हणाले, आणि रिकामी बादली धुवायला वाकले.