वादात नसलेली जीप

"जीप चार बोटं उंच करणार," हर्षद साळवीने जेवताना जाहीर केलं.

दीपालीने त्याच्या ताटात भात वाढला. "आणि आत चढायची माणसं?"

"माणसं चढतात गो. सवय होते."

मूळ दुखणं जीपचं नव्हतं, धोंड्याचं होतं. पावसजवळच्या त्यांच्या आंब्याच्या बागेत जाणारी वाट दोन दगडी गडग्यांमधून जाते. उजवा गडगा हर्षदचा, डावा त्याच्या धाकट्या चुलतभावाचा, अनिलचा, आणि वाटेच्या बरोबर मध्ये जांभ्याचा एक धोंडा. आजोबांनी वाटणी करताना "धोंड्याच्या उजवीकडचं थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं" एवढंच सांगितलं आणि ते सुखाने वारले. तेव्हापासून तो धोंडा दोन्ही घरांचा सातबारा होता. दर पावसाळ्यात भोवतीची थोडी माती वाहून जाई आणि धोंडा थोडा वर येई. अनिल रात्री येऊन माती काढतो, असं हर्षदचं मत होतं. अनिलचं मत तेच होतं, फक्त नाव वेगळं होतं.

आता धोंडा इतका वर आला होता की जुन्या जीपच्या मागच्या दोन चाकांमध्ये जो लोखंडी गोळा असतो तो त्याच्यावर आपटायचा. गेल्या हंगामात गोळ्याला चीर जाऊन तेल सांडलं. अनिलने आपल्या बाजूला पडलेल्या तेलाचा फोटो काढून ठेवला.

धोंडा फोडावा, तर हद्द पुसली जाणार. एक चाक धोंड्यावर घालावं, तर दुसरी बाजू गडग्यात. चाकोऱ्यांत भराव टाकावा, तर डावी चाकोरी अनिलच्या जमिनीत. हर्षदने नुसती उजवी भरून पाहिली, तेव्हा जीप अशी कलंडली की दीपाली जवळजवळ अनिलच्या गडग्यावर उतरली. परवानगी मागावी, तर भावांचं बोलणं बंद. सगळं मांडून वजा केल्यावर वादात नसलेली एकच वस्तू शिल्लक राहिली. ती जीप.

इद्रीसचं गॅरेज रस्त्यालाच होतं. तो काही वर्षं मस्कतला राहून आला होता आणि मस्कत अजून त्याच्यात राहत होतं.

"तयार किट मागवा, हर्षदभाय. फिट करायला अर्धा दिवस."

हर्षदने मोबाईलवर किटची किंमत पाहिली आणि मोबाईल उलटा ठेवला. "दुसरं काय?"

"दुसरं म्हणजे मग आपलं डोकं," इद्रीस खूश होऊन म्हणाला. भंगारात एक मेलेला टेम्पो पडला होता. ज्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांवर गाडीचं ओझं तोललेलं असतं, ते पाटे त्याचे अजून शाबूत होते. ते जीपखाली घालायचे, टोकाच्या कड्या वेल्डिंग करून लांब करायच्या, की जीप चार बोटं वर.

"टिकेल ना?"

"मस्कतला शेखांच्या गाड्या उचलल्यात मी! उंटाच्या वर डोकं काढायच्या."

"आमच्याकडं उंट नाय, धोंडा हाय."

"मग तर सोपं. धोंडा हलत तरी नाय."

जीप खरोखरच चार बोटं उंच झाली. काढलेले जुने पाटे भंगारवाला फुकटात मागत होता, म्हणून हर्षदने ते जीपमध्येच मागे टाकले. फुकट द्यायचं ते आपल्या गाडीला दिलेलं बरं.

घरी आल्यावर जीपचा टप पडवीच्या वाशाला अडला. हर्षदने कौलांची एक ओळ उतरवून वाशांची टोकं कापली. पेट्या चढवायचा ओटा जुन्या जीपच्या मापाने बांधलेला, त्यावर चिऱ्यांचा एक थर चढवावा लागला. दीपालीने निळं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि त्याला दोरी बांधली. आधी आपण चढायचं, मग विहिरीतून कळशी ओढावी तसं स्टूल वर ओढायचं. शिवाय भरलेल्या टेम्पोसाठी घडलेले ते पाटे रिकाम्या जीपखाली तसूभर दबायला तयार नव्हते.

"यात आंबे घातलेत," दीपाली पहिल्या फेरीनंतर कंबर धरून म्हणाली, "तर रत्नांग्रीला पोचेपर्यंत आमरस होईल. वाट्या तेवढ्या सोबत घ्या."

"वजन पडलं की बसतात पाटे."

"माझं पडलं तेव्हा नाय बसले, हे बरंच झालं म्हणायचं."

पाडव्याच्या आधीचा माल बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, पेट्यांत भरून तयार होता. व्यापाऱ्याचा टेम्पो संध्याकाळी हमरस्त्यावर येणार होता. तो चुकला तर पाडव्यानंतर त्याच आंब्याला लोक "ठेवून जा, बघू" म्हणतात. त्याहून मोठी अडचण अशी की धोंड्यावरून जीप नेऊन दाखवतो, असं हर्षद सगळ्या वाडीला सांगून बसला होता.

दुपारी जीप वाटेच्या तोंडाशी आली. आत हर्षद, दीपाली, स्टूल आणि इद्रीस. गडग्यावर अनिल मोबाईल धरून बसला होता.

"वहिनी, त्याला सांगा, धोंड्याला खरचटलं तर व्हिडिओत येणार."

"समोर बसलेत ते. तुम्हीच सांगा ना, भाऊजी."

"आमचं बोलणं नाय."

"दीपाली, त्याला सांग," हर्षद स्टिअरिंगमागून म्हणाला, "नीट काढ म्हणावं. गाडी वरून कशी जाते ते कोर्टालाही दिसूदे."

त्याने जीप दामटली. पुढची चाकं सुखरूप गेली. मग खाणकन आवाज झाला. गोळा धोंड्यावर चढून बसला, मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि उडालेल्या लाल मातीने अनिलला गुलाल लागला.

इद्रीस खाली वाकून बघून आला. त्याने मस्कतचं नाव काढलं नाही. "जॅक द्या," एवढंच म्हणाला.

जॅक उजवीकडेच लावावा लागला, कारण डावीकडे लावायला अनिलची हरकत होती. इद्रीस दांडा फिरवू लागला, तशी जीप हळूहळू वर येऊ लागली. दीपाली खाली उतरून स्टुलावर बसली होती. तिथून तिला सगळं नीट दिसत होतं.

"इद्रीसभाई, गाडी वर येतेय. पण गोळा तिथंच हाय."

"तो तिथंच राहणार, भाभी. गोळा चाकांच्या दांड्याला. पाटे बदलले की पाट्यांच्या वरचं सगळं उंच होतं."

"आणि गोळा?"

"त्याला चाकंच मोठी लागतात."

हर्षदने स्टिअरिंगमागून डोकं बाहेर काढलं. "हे आधी नाय सांगायचं, मेल्या?"

"तुम्ही बोललात, गाडी उंच करा. झाली उंच. गोळ्याचं नाव तरी काढलंत काय? मला वाटलं, शौक असेल!"

सीट उंच झाली होती, दिवे उंच झाले होते, ओटा उंच झाला होता, पडवीची कौलंसुद्धा उतरली होती. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो गोळा तेवढा पूर्वीच्याच जागी होता. अनिल इतका हसला की त्याला गडगा धरावा लागला. दीपालीने त्याला पोटभर हसू दिलं.

"भाऊजी, तुमच्या पेट्या कुठं हायत?"

"मांगरात."

"आणि टेम्पो?"

अनिलचं हसू जागच्या जागी थांबलं. टेम्पो एकच होता. जीप आणि गडगा यांच्यामधून माणूस आडवा होऊन गेला असता, पेटी गेली नसती.

"वहिनी," तो मोबाईल खाली घेत म्हणाला, "त्याला विचारा, धोंडा दोन बोटं तासला तर चालेल काय. पण दोन्ही बाजूंनी सारखा."

"त्याला सांग, चालेल. पण आधी माप घे म्हणावं."

अनिलने टेप लावून धोंड्याची उंची व्हिडिओत घेतली. दोघांच्याही बाजूचा नको म्हणून इद्रीस जीपच्या मागे, एक पाय उजव्या चाकोरीत आणि एक डाव्या चाकोरीत टाकून उभा राहिला आणि त्याने पहार घातली. वरून काळाकठीण दिसणारा तो धोंडा गोळ्याचे मार खाऊन आतून केव्हाच खिळखिळा झाला होता. तिसऱ्या घावाला तो बसला आणि त्याच्याबरोबर जीपही धपकन बसली. खाली लाल भुग्याचा ढीग उरला.

हर्षद ढिगाजवळ येऊन उभा राहिला.

"अनिल," हर्षद म्हणाला, "हद्द गेली रे."

"गेली," अनिल म्हणाला.

दोघं एकमेकांशी बोलले, हे दीपालीच्या लक्षात आलं. दाखवून दिलं तर बंद करतील म्हणून ती गप्प राहिली.

दोघांच्या पेट्या एकाच जीपमधून निघाल्या. वजनाने पाटे खरोखर बसले, दीपालीला स्टूल लागलं नाही, आणि टेम्पो सुटायच्या आत माल पोचला. परत आले तेव्हा उन्हं कलली होती. वाट इतकी मोकळी दिसत होती की दोघा भावांना ती बघवेना. बागेच्या मधोमध एक काजू होता, तो कोणाचा हे आजवर धोंड्यावरूनच ठरायचं; त्याच्याकडे आधी हर्षदने पाहिलं, मग अनिलने.

"आजच्या आज काहीतरी उभं केलं पायजे," अनिल म्हणाला.

जीपमध्ये जुने पाटे होतेच. त्यातला एक धोंड्याच्या खड्ड्यात उभा केला. अनिलने घरून अर्धी गोण सिमेंट आणलं, हर्षदने पाणी. व्हिडिओ थांबवून थांबवून उंची जुळवली.

"धोंड्याएवढाच हवा," हर्षद म्हणाला. "बोटभर कमी नको. उद्या पोरं म्हणतील, बापाने हद्द खाली आणली."

"बरोबर," अनिल म्हणाला. दोघांचं इतकं पटलेलं वाडीने कधी पाहिलं नव्हतं.

सिमेंट थापून झाल्यावर दीपालीने स्टूल टेकलं आणि त्यावर बसून तो पाटा नीट न्याहाळला.

"जागा तीच, उंची तीच, गोळा तोच," ती म्हणाली. "आणि आता धोंडा लोखंडाचा. उद्या गाडी जाणार कशी?"

भावांनी पाट्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. पाटा उपटायची सूचना कोणाच्याच तोंडून आली नाही. इद्रीस हात धूत होता.

"इद्रीस," हर्षदने हळूच विचारलं, "भंगारात मोठी चाकं मिळतील काय रे?"

"मिळतील की. पण चारही घ्यावी लागतील."

हर्षदने मोबाईल काढला आणि परत खिशात घातला. तेवढ्यात अनिलने घसा साफ केला.

"डाव्या बाजूची दोन माझी," तो म्हणाला.