पंपाने दिलेली उत्तरं

लग्नाला तीन महिने झाले होते आणि सासरी माझी ‘अबोल’ अशी ख्याती पसरली होती. ती टिकवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्या रविवारी सकाळी चहा पिताना माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं, “पंप उघडून बघू का?”

गाडी सासऱ्यांची. वयाने त्यांच्याहून थोडीच लहान. ते गेले त्याला वर्ष झालं, आणि त्याच आठवड्यात गाडीही बंद पडली. (माझा नवरा याला योगायोग म्हणतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच म्हणत नाहीत. फक्त गाडीवरची चादर दर सोमवारी बदलतात.) आता नवऱ्याने चार वाजता भंगारवाल्याला बोलावलं होतं. “इंजिनपर्यंत पेट्रोल पोचतच नाही, पंप गेलाय,” तो म्हणाला, आणि आईंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. त्या आवाजाने मी बोलले.

माहेरी बाबा गाड्या दुरुस्त करत आणि त्यांना पाने द्यायचं काम माझ्याकडे होतं. दिलेल्या पान्याचं पुढे काय होतं, हे मी नीट पाहिलंय असा माझा समज होता.

गॅरेजमध्ये भर दुपारीही संध्याकाळ असते. चादर काढली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवरचा खळगा वर्षभर कोणी न बसताही तसाच होता. डॅशबोर्डच्या कप्प्यात पंपाचा नवा रबरी पडदा सापडला, पाकिटासकट. पाकिटावर सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘वेळेवर बदलणे.’ मी पाकीट चटकन खाली ठेवलं. नवरा म्हणाला, “बघ, म्हणजे पंपच.” त्याच्यावर अशा गोष्टींचा परिणाम होत नाही.

पंप म्हणजे मुठीएवढी वस्तू. आत पडदा खालीवर होतो, मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि पुढे ढकलतो. उलटं जाऊ नये म्हणून दोन इवल्या झडपा. एक उताणी बसते, एक पालथी. जुना पडदा फाटून चिंधी झाला होता. मी सगळे भाग काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. आईंनी ते रॉकेलमध्ये घासले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले. मग आम्ही जेवायला गेलो. आल्यावर मी एकेक भाग जसा होता तसा उचलून बसवला.

“मी मागे बसते,” आई म्हणाल्या. “यांच्याबरोबर मी कायम मागेच बसायचे. पुढे बसलं की हे अशी गाडी हाणायचे, की नसलेला ब्रेक मीच पायाने दाबत राहायचे.”

इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोल वर आणायला पंपाला हाताने दाबायचा छोटा दांडा असतो. मी बॉनेटखाली वाकून तो दाबला.

गाडीच्या मागून कोणीतरी खाकरलं.

ओला, घोगरा, सावकाश आवाज. मी थांबले. तोही थांबला. मी पुन्हा दाबला. पुन्हा खाकरणं, गुळण्या केल्यासारखं.

“हे आलेत,” आई म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती, थोडी तक्रार होती. “वर्षभर कुठे होतात?”

माझा हात दांड्यावरच थरथरत होता. मागून हलकेच गुळगुळ झाली.

“चांगलं आहे. आणि इथे हा तुमची गाडी भंगारात घालतोय. चालेल तुम्हाला?”

माझा हात आणखी थरथरला. खर्रर्र.

“नाही म्हणतायत,” आईंनी मला कळवलं.

नवरा दारात आला. “काय चाललंय?”

“गप्प बस. तुझे बाबा बोलतायत.”

मागून गुळगुळ झाली. ज्याच्यावर परिणाम होत नाही तो माणूस उलट्या पावली घरात गेला आणि आतून कडी लावल्याचं ऐकू आलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पेट्रोल पुढे यायच्या ऐवजी हवा मागे टाकीत जात होती आणि तिथे बुडबुडत होती. म्हणजे झडपा उलट्या. मी तर होत्या तशाच उचलून बसवल्या होत्या!

“आई, तुम्ही त्या झडपा नुसत्या ठेवल्या होत्या ना?”

“जेवायला जाताना उलटल्या. एक बाजू वाळली की दुसरी नको का वाळायला?”

या घरात उशा, चपला, ब्रश, सगळं अर्ध्या तासाने उलटतात. हे मला तीन महिन्यांत कळायला हवं होतं. पण खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि बॉनेटच्या कडेने काचेतून आईंचा चेहरा दिसला. वर्षात पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं होतं त्यांना. मी तोंड मिटलं. पंप खोलायचा म्हणून दांडा सोडला आणि दोन्ही हात फडक्याला पुसू लागले.

“एवढं एकच सांगा,” आई मागे वळून म्हणाल्या. “नवी सून कशी वाटते?”

माझे दोन्ही हात फडक्यात होते. दोन्ही.

मागून आवाज आला. लांबलचक, घशाच्या तळातून, संपता संपेना असा.

(पाइपात अडकलेली हवा असणार. हवा कुठेतरी जाणारच.)

आईंनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याबद्दलही पहिली चार वर्षं हेच मत होतं.”

मी झडपा सुलट्या केल्या. चारला दहा कमी असताना इंजिन एकदा शिंकलं आणि धडधडायला लागलं. भंगारवाला आला तेव्हा आई मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. काच खाली करून त्यांनी त्याला सांगितलं, “परत जा. मालक नाही म्हणालेत.”

गाडी आता आमच्याकडेच आहे. सासऱ्यांना सून पसंत नाही, हे आईंनी फोन करून सगळ्या नातेवाइकांना प्रेमाने कळवलंय. मी पंपाची खरी गोष्ट सांगून मोकळी होऊ शकते. पण मग कबूल करावं लागेल, की त्या दुपारची सगळी उत्तरं मी दिली होती. फक्त माझ्याबद्दलचं तेवढं सासऱ्यांनी दिलं.