गाव रिकामे असल्याचा दाखला

भरडवेळ गावाची लोकसंख्या १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे नऊशे बारा आहे. दर तीन वर्षांनी तीन दिवस ती शून्य होते. या गोष्टीची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही, कारण शिरगणतीचा माणूस नेमका त्या तीन दिवसांत कधी आला नाही, आणि आला असता तर त्याला मोजायला कोणी सापडले नसते.

घडते ते असे. मालवणापासून काही कोसांवर, खाडीच्या अंगाला हे गाव आहे. देवदिवाळी झाली की गावचे देवाचे मानकरी घाडी ग्रामदेव रवळनाथाला कौल लावतात, म्हणजे देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार मिळाला की सगळे गाव गुरेढोरे, कोंबडी-कुत्री आणि भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर पडते, ओहोळापलीकडे माडाच्या झापांच्या खोपी घालते आणि तीन दिवस तिथे राहते. याला गावपळण म्हणतात. ती का करायची, याबद्दल गावातल्या म्हाताऱ्यांत चार मते आहेत. करायची की नाही, याबद्दल एकच आहे.

१९५८ सालच्या गावपळणीला लवू परब हजर होता. लवू घाटावरच्या एका विद्यापीठात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि पास झाला तर भरडवेळचा पहिला पदवीधर ठरणार होता. गावाला याचा अभिमान होता. लवूला अभिमानापेक्षा घाई जास्त होती. मसुऱ्याच्या बाजारातले नारळाचे व्यापारी शंकरराव यांची मुलगी शेवंती त्याच्या मनात होती, तिच्या मनात तो होता, आणि शंकररावांचे म्हणणे अगदी सरळ होते.

"बी.ए. झालो तर चेडू देतंय. नाय झालो तर नारळ देतंय."

परीक्षेचा अर्ज लवूने दिवाळीपूर्वीच भरला होता. त्यात नववा रकाना होता : 'अर्जदार विवाहित / अविवाहित. (लागू नसेल ते खोडावे.)' इथे आल्यावर लवूला शेवंती आठवली. ती आठवल्यावर त्याचे पेन हवेत थांबले, आणि खाली आले ते थेट दहाव्या रकान्यात. दोन्ही शब्द जसेच्या तसे राहिले. विद्यापीठाच्या दप्तरी लवू एकाच वेळी विवाहित आणि अविवाहित झाला, आणि अशा माणसाला परीक्षेला बसवण्याची तरतूद नियमांत नव्हती.

ही त्रुटी पंधरा दिवसांत दूर करावी, असे पत्र रजिस्टर पोस्टाने निघाले. विद्यापीठाची कचेरी आणि लवूचे वसतिगृह यांच्यामध्ये एक गुलमोहर आणि सायकली लावायची शेड एवढेच अंतर होते. परंतु पत्रव्यवहार अर्जदाराच्या कायमच्या पत्त्यावर करावा असा नियम असल्यामुळे पत्र गुलमोहराकडे न वळता फोंडाघाट उतरून भरडवेळला निघाले. त्यावर सही होती हेडक्लार्क भाई मिराशी यांची. भाई स्वतः भरडवेळचेच. पत्र पोचेल तेव्हा गावात चिटपाखरूही नसेल, हे सही करताना त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी सहीवर टीपकागद दाबला, पत्र जावक बुकात चढवले, पोटदुखीच्या कारणास्तव पाच दिवसांची रजा टाकली आणि एस.टी. धरून तेही गावपळणीला आले.

गावपळणीच्या पहिल्याच दिवशी पोस्टमन शिवा पत्र घेऊन ओहोळाकाठी आला. शिवा शेजारच्या गावचा. परबांच्या खोपीत जेवणाची पाने वाढली जात होती, तेव्हा त्यालाही बसवून घेतले. अशा रीतीने पत्र पाठवणारे भाई, पत्र आणणारा शिवा आणि ज्याचे पत्र तो लवू एकाच चटईवर मांडीला मांडी लावून बांगड्याचे तिखले ओरपत बसले. पत्र तिघांच्या मध्ये, शिवाच्या पिशवीत होते.

"लवू, तुझा रजिस्टर इला हा," शिवा म्हणाला. "विद्यापीठाचा दिसता."

"मगे दी रे!" लवूने डावा हात पुढे केला.

"दिलंय असतंय. पण पत्तो आसा भरडवेळचो. तू आता खंय आसस? ओहोळाच्या ह्या बाजूक. ही हद्द दुसऱ्या गावाची."

"अरे, पण मी तोच लवू मा?"

"तू तोच. पण तुझो पत्तो खंय हडे आसा?"

लवूने भाईंकडे पाहिले. भाई तिसऱ्यांदा भात घेत होते. "भाई, पत्र तुमीच धाडलास. आत काय आसा ता तरी सांगा."

"लवू," भाई गंभीरपणे म्हणाले, "ती कार्यालयीन बाब झाली. आणि मी आता रजेर आसंय. पोटात दुखता माझ्या." आणि त्यांनी तिखल्याचा रस मागितला.

आपण पळत जाऊन घराच्या पायरीवर उभे राहावे आणि पत्र घेऊन परत यावे, असे लवूच्या मनात आले. त्याने सत्यवान घाडींना परवानगी विचारली. घाडी म्हणाले, देवाला विचारल्याशिवाय ते कसे सांगणार? विचारायचे तर देवळात जावे लागेल, आणि देऊळ गावात आहे. शिवाला मात्र गावात जाणे भाग होते, कारण पत्र पत्त्यावर तीन वेळा नेल्याशिवाय परत पाठवता येत नव्हते. त्याने घाडींना विचारले.

घाडींनी सुपारी कातरता कातरता विचार केला. "देवान माणसांक नि ढोरांक भायर काढल्यान हा. सरकार ह्या दोघांतला खंयचा?"

"सरकार तिसराच," शिवा म्हणाला.

"मगे जा."

तीन दिवस शिवा दुपारी खोपीत जेवायचा, मग लवूच्या देखत ओहोळ ओलांडून रिकाम्या गावात जायचा, परबांच्या कुलूप लावलेल्या दाराची कडी वाजवायचा, 'लवू परब आहेत काय?' असे शुद्ध मराठीत तीनदा ओरडायचा आणि परत येऊन पत्ते खेळायला बसायचा. ओरडलेले अलीकडे ऐकू यायचे. तिसऱ्या दिवशी तर लवूने इकडून 'ओ' सुद्धा दिली. पण ती दुसऱ्या गावच्या हद्दीतून आल्यामुळे शिवाला धरता आली नाही. त्याने पाकिटावर शेरा मारला : 'घर बंद. गाव बंद. घेणारा भेटला नाही.' चौथ्या दिवशी मुदत भरून गाव घरी परतले तेव्हा पत्र फोंडाघाट चढत होते.

लवूही त्याच्या मागोमाग चढला. कचेरीच्या खिडकीपलीकडे भाई बसले होते. रजा संपली होती, पोट बरे झाले होते.

"आपले नाव?" भाईंनी विचारले.

लवूला वाटले, थट्टा आहे. तो हसला. भाई हसले नाहीत. परवापर्यंत ज्याच्याबरोबर रमी खेळले त्याला त्यांनी नाव, वर्ग आणि अर्ज क्रमांक विचारला, फाईल मागवली आणि अर्ज काढून समोर ठेवला. नववा रकाना उलटा का होईना, लवूला दिसला. त्याने खिशातून पेन काढले. "एवढेच ना? आत्ता मारतो रेघ."

"हात लावू नका!" भाईंनी फाईल मिटली. "त्रुटी दूर करण्याबाबत पत्र मिळाल्यावरच त्रुटी दूर करता येते. आपल्याला पत्र मिळालेले नाही."

"मग आता द्या."

"आता ते परत आलेले पत्र आहे. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा त्याचा अर्थ होतो."

"पण मी तुमच्या समोर उभा आहे!"

"त्याने तर तेच सिद्ध होते," भाई म्हणाले.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर लवूने त्यांना गाठले. कचेरीबाहेर पडल्याबरोबर भाईंची भाषा ओहोळ ओलांडून अलीकडे आली. "अरे लवू, माका म्हायत नाय काय? मी खुद्द थंय होतंय. पण फायलीक खंय म्हायत आसा?"

"मगे तुमीच लिवून द्या. तुमी साक्षीदार."

भाई दचकले. "मी? माझी पोटदुखीची रजा आसा रे! आणि मी गावाभायर होतंय. रिकामा गाव मी बघलंय खंय?" मग चहाचे पैसे स्वतः देत ते मायेने म्हणाले, "तू दाखलो हाड. सगळा नियमात बसवतंय."

कसला दाखला, असा अर्ज लवूने केला आणि दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर मिळाले : 'सदर तीन दिवस गाव पूर्णतः रिकामे असल्याचा दाखला, त्या काळात गावात समक्ष हजर असलेल्या दोन रहिवाशांच्या सहीनिशी, तलाठ्यामार्फत सादर करावा.'

हे वाक्य लवूने एस.टी.त घाट उतरेपर्यंत अकरा वेळा वाचले. शिवाचे नाव सुचले; पण शिवा रहिवासी नव्हता. शिवाय तो गावात असताना गाव पूर्णतः रिकामे कसे, हा प्रश्न होताच. वाटेत मसुऱ्याला उतरून त्याने शेवंतीला सगळे सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"एक रेघ मारूक इतक्यो फेऱ्यो?" ती म्हणाली. "तो कागद माझ्याकडे दी, मी मारतंय."

संबंध प्रकरणात शहाणपणाचे बोललेली ती एकटीच. तिला कोणी विचारले नव्हते.

वाट काढली ती तलाठ्याने. दप्तर चाळता चाळता त्याचे बोट एका सातबारावर थांबले. खातेदार : श्री देव रवळनाथ. पुढच्याच पानावर दुसरा खातेदार : श्री देवी पावणाई. दोघांच्या नावे देवस्थानची जमीन होती, दोघांचा सारा ठरलेला होता, आणि दोघांनी भरडवेळ सोडल्याची कधीच नोंद नव्हती.

"हे दोघे रहिवासी," तलाठी म्हणाला. "आणि त्या तीन दिवसांत गावात हजर. यांच्या सह्या आणा."

घाडींनी देवळात गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान नवव्या रकान्यात रेघ मारूक नाय, ती चूकभूल तुझ्या पायाखाली घाल. तीन दिवस गावात माणूस नव्हतो, ही गोष्ट खरी आसात तर उजवी दी म्हाराजा!" उजवी कळी पडली. पावणाईचीही उजवी पडली. सहीच्या जागी त्या दोन कळ्या डिंकाने चिकटवल्या, खाली तलाठ्याने 'कळ्या माझ्यासमक्ष पडल्या' असे लिहून शिक्का मारला, दोन सातबारे जोडले आणि कागद रवाना झाले. नऊशे बारा माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खुद्द देव साक्षीला उभा राहिल्यावर विद्यापीठाची काय बिशाद!

विद्यापीठाचे उत्तर यायला परीक्षेचा दिवस उजाडला. ते याप्रमाणे होते : 'आपण सादर केलेल्या दाखल्यावरून सदर तीन दिवसांत गावात दोन रहिवासी हजर होते, असे सिद्ध होते. सबब गाव रिकामे होते, हे आपले म्हणणे खोटे ठरते. सदर रहिवाशांनी आपले पत्र का स्वीकारले नाही, याबाबत त्यांचा लेखी खुलासा घेऊन पाठवावा.' खाली भाईंची सही होती, अक्षर नेहमीप्रमाणे सुंदर.

घाडींनी पुन्हा कौल लावला. संध्याकाळपर्यंत ना उजवी पडली ना डावी. देव प्रथमच निरुत्तर झाला, असे गावात बोलतात.

वैशाखात शेवंतीचे लग्न झाले. नवरा मॅट्रिक नापास, पण मुंबईला गोदीत कायम होता. बी.ए.ची अट शंकररावांनी, लागू नसल्यामुळे, खोडली. लवू त्या दिवशी ओहोळाच्या काठी, जिथे खोप होती तिथे, बसून पोटभर रडला. इतके करून पोस्टमन चुकला नव्हता, भाई चुकले नव्हते, तलाठी चुकला नव्हता. शिवी कोणाला घालावी, हेही त्याला कळेना. पुढल्या वर्षी त्याने नवा अर्ज भरला आणि नवव्या रकान्यात 'विवाहित' हा शब्द इतक्या जोराने खोडला की कागद फाटला. दुसरा अर्ज विकत घ्यावा लागला. तो दुसऱ्या वर्गात पास झाला.

विद्यापीठानेही या प्रकरणाची दखल घेतली नाही असे नाही. असे पुन्हा घडू नये म्हणून समिती नेमली गेली. समितीच्या चार बैठका झाल्या आणि अर्जात सतरावा रकाना वाढवण्यात आला : 'अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत आपले गाव जागेवर राहील काय? होय / नाही. (लागू नसेल ते खोडावे.)' पुढे इतर विद्यापीठांनीही तो उचलला, मग कचेऱ्यांनी, मग बँकांनी. आजपर्यंत तो का आहे, असे विचारणारा एकही अर्ज आलेला नाही. लाखो लोकांनी मुकाट्याने 'नाही' खोडले.

तुम्ही शिकलेले असाल, तर तुमच्याही अर्जात तो रकाना होता. आठवत नाही? बरोबरच आहे, वाचला असतात तर आठवला असता. रांगेत पुढच्या माणसाच्या कागदात तुम्ही डोकावलात, त्याने खोडले होते, तुम्हीही खोडलेत. आणि तरीही, का ते न विचारता गाव सोडून जाणारे भरडवेळचे लोक किती अडाणी, असे ही गोष्ट वाचताना तुमच्या मनात येऊन गेलेच. त्यांना निदान तीन दिवस उघड्यावर बसून बांगडे खायला मिळतात.