खीर, पांढरी साडी आणि डावा पाय

"ही गाडी आता झोपेतसुद्धा चालवता येईल!" रविकांतने छाती फुगवून जाहीर केलं.

गाडी म्हणजे त्याच्याच वयाची, १९७०ची मसल कार, दणदणीत इंजिनाची. क्लच इतका जड की दाबायला सगळं अंग टाकावं लागे. डावा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा केंब्रिजच्या कार प्लांटमधल्या या इंजिनिअरने अख्खा विंटर गराजमध्ये काढला आणि स्वतःच्या हाताने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. क्लच गेला. त्याच्या जागेपर्यंत पोचेल असं ऐसपैस ब्रेकचं पेडल आलं.

त्याच्या बायकोला, सुरेखाला, त्या गाडीचं एवढंसंही कौतुक नव्हतं. आज तासाभरावरच्या नॉर्थ यॉर्कला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. तिच्या अंगावर पांढरीशुभ्र साडी आणि चाळीस जणांच्या खिरीचं पातेलं तिच्याकडे. तिची रोजची छोटी ऑटोमॅटिक दारातच उभी होती, पण नवरा ऐकेल तर शपथ!

"ठीक आहे," ती म्हणाली. "खीर पोचली आणि साडीला डाग लागला नाही, तर ही गाडी राहील. नाहीतर ती विकत मागणाऱ्या, तुमच्या मित्राच्या, राजनच्या कस्टमरला उद्याच फोन!"

डिकीत पेट्रोलचा वास, म्हणून पातेलं तिच्या मांडीवर.

गल्लीतून गाडी निघाली. इंजिनाचा आवाज चढला. आवाज चढला की गिअर, गिअर म्हटलं की क्लच! वीस वर्षांची सवय. रविकांतचा डावा पाय आपणहून उठला आणि सगळ्या ताकदीनिशी पेडलवर पडला.

धाडकन गाडी थांबली! पातेल्याचं झाकण खडखडलं.

"अहो!"

"सॉरी, सॉरी! क्लच समजून दाबला!"

"क्लच कुठाय?"

"नाही ना! तोच तर प्रॉब्लेम!"

हायवेच्या तोंडापर्यंत असे तीन गचके बसले. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. रविकांतला घाम फुटला. हे हायवेवर झालं तर खीर राहू दे, आपणच राहणार नाही! शेवटी त्याने डावा बूट काढला आणि पाय सरळ मांडीखाली दाबून धरला.

हायवेवर तासभर गाडी सुरळीत धावली. सुरेखाने पातेलं घट्ट कवटाळलं होतं. आवाज चढला की रविकांतची मांडी थरथरे, पण पाय जागचा हलला नाही.

नॉर्थ यॉर्क आलं. हॉल समोर दिसला, मधे एकच सिग्नल. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून लाल दिव्यावर त्याने तो हळूच मोकळा केला. दिवा हिरवा झाला, आवाज चढला आणि...

धाडकन!

झाकण उडालं. सुरेखाने डोळे मिटून पातेलं ढकललं ते थेट नवऱ्याकडे! वाटीभर खीर त्याच्या नव्या कुर्त्यावर सांडली. साडी कोरी करकरीत.

"पोचली!" खीर पुसत रविकांत ओरडला. "डाग नाही! गाडी राहिली!"

"राहिली," सुरेखा म्हणाली. शब्दाला ती पक्की.

कार्यक्रम छान झाला. खीर सगळ्यांनी वाखाणली. निघताना सुरेखाने किल्लीसाठी हात पुढे केला.

"तू चालवणार?"

"झोपेतसुद्धा चालवता येते म्हणालात ना? मग तुम्ही झोपा."

रिकामं पातेलं मांडीवर घेऊन रविकांत शेजारी बसला. आवाज चढला की त्याचा डावा पाय मॅटवर आपटत होता. पण केंब्रिज येईपर्यंत गाडीने एकसुद्धा गचका दिला नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं!